शरीरालाही शिकविता येते

आज ज्या विषयावर लिहावयाचे आहे तो विषय आपल्याकडे चारचौघांत कोणी काढीत नाही. मधुमेहाविषयी आपण बोलतो, रक्तदाबाविषयी बोलतो, गुडघेदुखीचे गाऱ्हाणे तर प्रत्येक बैठकीत ऐकू येते. परंतु शौचावरील ताबा सुटणे, घाई लागली की संडासापर्यंत पोहोचता न येणे, नकळत कपडे खराब होणे, या दुखण्याविषयी नवरा बायकोला सांगत नाही, सासू सुनेला सांगत नाही आणि रोगी डॉक्टरलाही सांगत नाही. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण घरच्या पैशाअडक्याच्या बाबतीत ठीक आहे. दुखण्याच्या बाबतीत मात्र मूठ झाकून ठेवली तर आतले दुखणे वाढतच जाते.

हे दुखणे सहसा जीव घेत नाही, पण माणसाचे जगणे हळूहळू लहान करून टाकते. प्रथम लांबचा बसचा प्रवास बंद होतो. मग लग्नकार्यातील जेवण टाळले जाते. महाशिवरात्रीला गंगातलावाला जाणे, गणेशचतुर्थीला विसर्जनासाठी नदीवर किंवा समुद्रावर जाणे, हेही एकेक करून सुटते. कोणी विचारले तर 'यंदा पाय फार दुखतात' असे सांगून वेळ मारून नेली जाते. घरच्यांना वाटते, आजी आता माणसांत मिसळत नाही, आजोबांचा स्वभाव बदलला. खरे कारण त्यांच्या मनातच राहते.

अशा माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे. सांगावयाचे ते थोडक्यात असे की, हे दुखणे पुष्कळांच्या बाबतीत सुधारते. आणि ते सुधारणाऱ्या उपायांपैकी एक उपाय असा आहे की, तो औषधाच्या बाटलीपेक्षा शाळेच्या वर्गाशी अधिक जवळचा आहे. त्याचे नाव बायोफीडबॅक. शरीराच्या आत काय चालले आहे हे शरीराच्या मालकाला त्याच क्षणी दाखवावयाचे, आणि ते पाहून त्याने ते सुधारावयाचे, एवढाच या शब्दाचा अर्थ.

किती जणांना हा त्रास असतो?

ज्याला हा त्रास होतो त्याला वाटते, जगात असा मी एकटाच. वस्तुस्थिती अगदी वेगळी आहे. अमेरिकेत घरी राहणाऱ्या प्रौढ माणसांची मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यात मागच्या महिन्याभरात असा प्रसंग आलेल्यांचे प्रमाण ८ टक्क्यांहून थोडे अधिक निघाले. सत्तरी गाठलेल्यांत ते १५ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे त्या वयाच्या दर सहा-सात माणसांमागे एक. स्त्रिया आणि पुरुष यांच्यात फार मोठा फरकही आढळला नाही. तेव्हा हे केवळ बायकांचे दुखणे किंवा केवळ अंथरुणाला खिळलेल्यांचे दुखणे, असे म्हणता येत नाही.

कारणे अनेक आहेत. स्त्रियांच्या बाबतीत बाळंतपण हे मोठे कारण. लंडनमध्ये अब्दुल सुलतान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिलहरींच्या यंत्राने बाळंतिणींची तपासणी केली. १९९३ साली त्यांनी असे दाखवून दिले की, पहिल्या खेपेला नैसर्गिक रीतीने बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के स्त्रियांच्या गुदद्वाराच्या स्नायूला बाळंतपणात इजा झालेली होती. त्यांपैकी पुष्कळ जणींना त्या वेळी काही त्रास जाणवतही नव्हता. तरुणपणी शरीर ती उणीव भरून काढते. पुढे वय वाढले, स्नायू सैल पडले, की तीस वर्षांपूर्वीची ती इजा डोके वर काढते. मग पन्नाशीतल्या बाईला कळत नाही की, हे आताच कोठून आले.

दुसरे कारण आपल्या बेटाला चांगले परिचयाचे आहे, ते म्हणजे मधुमेह. मॉरिशसमधील प्रौढांपैकी पाचांत साधारण एकाला मधुमेह आहे. पुष्कळ वर्षे साखर वाढलेली राहिली की मज्जातंतू अधू होतात. पायांच्या तळव्यांना जसे बधिरपण येते, तसेच गुदाशयालाही येऊ शकते. मल भरला आहे ही सूचनाच वेळेवर मिळत नाही. त्यातच मधुमेहावरील मेटफॉर्मिन या नेहमीच्या गोळीने काही जणांना पातळ शौचास होते. साखरेऐवजी ज्या गोड पदार्थांत सॉर्बिटॉल घातलेले असते ते पदार्थही पोट ढिले करतात. असे असेल तर गोळी आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना सांगावे, ते गोळीचा प्रकार किंवा प्रमाण बदलून देऊ शकतात.

मूळव्याधीची किंवा भगंदराची शस्त्रक्रिया, पाठीच्या कण्याची इजा, अर्धांगवायू, जुनी हगवण, हीही कारणे आहेत. आणि एक कारण तर ऐकून नवल वाटेल, ते म्हणजे बद्धकोष्ठ. म्हाताऱ्या माणसांच्या आतड्यात कठीण मलाचा गोळा अडकून बसतो आणि त्याच्या बाजूने पातळ मल झिरपत राहतो. घरचे समजतात जुलाब लागले, आणि जुलाब थांबविण्याचे औषध देतात. त्याने गोळा आणखी घट्ट होतो. म्हणून तपासणीवाचून औषध नको.

ताबा राहतो तो कसा?

आपण दोन-अडीच वर्षांचे असताना आईने आपल्याला ही विद्या शिकविली, आणि नंतर ती इतकी अंगवळणी पडली की तिच्याकडे आपले लक्षही जात नाही. प्रत्यक्षात ते काम फार नाजूक आहे.

मोठ्या आतड्याच्या शेवटी गुदाशय असतो. त्याच्या तोंडाशी स्नायूंची दोन कडी असतात, एक आतले आणि एक बाहेरचे. आतले कडे आपल्या हुकमात नसते. ते आपोआप आवळलेले असते आणि आपण झोपलो तरी पहारा देत असते. बाहेरचे कडे मात्र हाताच्या मुठीसारखे आपल्या इच्छेने आवळता येते. याशिवाय एक पट्ट्यासारखा स्नायू गुदाशयाला मागून वेढा घालून पुढे ओढून धरतो, त्यामुळे रस्त्याला बाक राहतो आणि मल सहज पुढे सरकत नाही.

आता गुदाशयात मल किंवा वायू आला की त्याच्या भिंती ताणल्या जातात. त्याबरोबर आतले कडे काही क्षण सैल होते. तेवढ्यात आत आलेला पदार्थ थोडा खाली येतो. तेथील त्वचा इतकी संवेदनशील असते की तो वायू आहे, पातळ आहे की घट्ट आहे हे तिला ओळखता येते. आणि नेमक्या त्याच क्षणी बाहेरचे कडे आवळले जाते. थोड्या वेळाने गुदाशय शांत होतो, आतले कडे पुन्हा घट्ट होते, आणि आपण सोयीची वेळ पाहून उठतो.

ताबा टिकण्यासाठी तीन गोष्टी लागतात, असे यावरून दिसते. सूचना वेळेवर कळली पाहिजे, बाहेरच्या कड्यात जोर पाहिजे, आणि तो जोर योग्य क्षणी लावता आला पाहिजे. शाळेतील घंटेचेच उदाहरण घ्या. घंटा ऐकू आली नाही, किंवा फाटक लावणारा अशक्त असला, किंवा तो फाटक लावावयास उशिरा धावला, तर तिन्ही वेळा मुले बाहेर पळणारच. बायोफीडबॅक या तिन्ही गोष्टी शिकविते.

आरशाची गरज

हातच्या काकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. काकण दिसते म्हणून आरसा नको. परंतु जो स्नायू कधी दिसत नाही, ज्याला हात लावून पाहता येत नाही, त्याला आरसा हवाच. हा आरसा प्रथम करून दाखविला तो लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी. बाळंतपणानंतर ज्या स्त्रियांची लघवी शिंकताना, खोकताना सुटते त्यांना ते ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम शिकवीत. १९४८ साली त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. नुसते 'स्नायू आवळा' असे सांगून भागत नाही हे त्यांना माहीत होते, कारण पुष्कळ स्त्रिया भलताच स्नायू आवळीत. म्हणून त्यांनी हवेच्या दाबावर चालणारे एक साधन केले. स्नायू बरोबर आवळला की तबकडीवरचा काटा वर चढे. स्त्रीला आपला व्यायाम डोळ्यांनी दिसे.

शौचाच्या बाबतीत हेच काम १९७४ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात झाले. बर्नार्ड एंगेल, परविझ निकूमनेश आणि मार्विन शुस्टर या तिघांनी तीव्र त्रास असलेल्या सहा रोग्यांवर ही शिकवणी करून पाहिली. गुदाशयात एक लहान फुगा ठेवून तो हवेने फुगवावयाचा, म्हणजे मल आल्यासारखी सूचना शरीराला मिळते. दोन्ही कड्यांवर किती दाब आहे हे वेगळ्या फुग्यांनी मोजावयाचे, आणि त्याची रेघ कागदाच्या पट्टीवर उमटत जाई. निरोगी माणसाची रेघ कशी असते आणि तुमची कशी आहे हे रोग्याला दाखविण्यात येई. मग रोग्याने फुगा फुगताच बाहेरचे कडे आवळावयाचा प्रयत्न करावयाचा आणि रेघ पाहावयाची. बरोबर झाले की शाबासकी मिळे. जमू लागल्यावर रेघ त्याच्यापासून लपविली जाई, म्हणजे आरशाविना काम जमते की नाही हे कळे.

हे सगळे चार किंवा त्याहूनही कमी बैठकांत शिकून झाले. पुढे सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत त्या रोग्यांवर लक्ष ठेवण्यात आले. सहांपैकी चौघांचा ताबा पूर्णपणे परत आला आणि उरलेल्या दोघांत निश्चित सुधारणा झाली. ज्यांच्या स्नायूंना किंवा मज्जातंतूंना खरोखरीची इजा झाली होती त्यांनाही शिकता आले, ही त्यातली मोठी गोष्ट होती. सहा माणसे म्हणजे फार थोडी, हे खरे. पण त्यानंतर जगभरच्या रुग्णालयांत ही शिकवणी सुरू झाली.

शिकवणी कशी चालते?

आज कागदाच्या पट्टीच्या जागी संगणकाचा पडदा आला आहे. रोगी कुशीवर निजतो. बोटाहूनही बारीक अशी नळी गुदद्वारातून थोडी आत सरकवितात. काही ठिकाणी दाब मोजतात, काही ठिकाणी स्नायूतील विजेचा प्रवाह मोजतात. यात कापाकापी नाही आणि भूल देण्याची गरज नाही. थोडे अवघडल्यासारखे वाटते, पण सहसा दुखत नाही. शिकविणारी व्यक्ती बहुधा प्रशिक्षित परिचारिका किंवा फिजिओथेरपिस्ट असते. साधारण चार ते सहा बैठका होतात, आणि दोन बैठकांच्या मध्ये आठवडा-दोन आठवडे घरी अभ्यास करावयाचा असतो.

पहिला धडा जोराचा. पडद्यावरची रेघ वर चढली पाहिजे, पण पोट, मांड्या किंवा कुल्ले आवळून नव्हे. श्वासही रोखावयाचा नाही. येथेच बहुतेकांची गफलत होते, आणि येथेच आरशाचा खरा उपयोग होतो. मूल पाटीवर 'ग' उलटा काढीत असेल तर त्याच वेळी हात धरून सुधारावा लागतो. आठ दिवसांनी तांबड्या शाईची खूण करून काय उपयोग? तोपर्यंत चूकच गिरवून पक्की झालेली असते. स्नायूंचेही तसेच आहे. चूक त्याच क्षणी दिसली तरच सुधारते.

दुसरा धडा ओळखण्याचा. फुग्यात हवा भरीत जातात आणि रोग्याला 'आता कळले' असे सांगावयाचे असते. मग हळूहळू हवा कमी करीत जातात, म्हणजे लहानशी सूचनाही ओळखता येऊ लागते. ज्यांना उलट त्रास असतो, म्हणजे थोडेसे आले की जोराची घाई लागते, त्यांच्यासाठी हवा थोडी थोडी वाढवीत नेतात आणि न घाबरता थांबावयास शिकवितात.

तिसरा धडा वेळ साधण्याचा. फुगा फुगला की लगेच आवळावयाचे. उशीर नको. बाल्टिमोरच्या रोग्यांनी शिकला तो मुख्यत: हाच धडा.

यंत्र श्रेष्ठ की शिकविणारा?

आता एका गोष्टीचा खुलासा केला पाहिजे. नव्या उपायाचे नाव ऐकले की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे दिसतात. एक म्हणतो, हे सगळे थोतांड. दुसरा म्हणतो, आता यंत्र आले, सगळे बरे होणार. संशोधन या दोघांनाही साथ देत नाही.

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात क्रिस्टीन नॉर्टन या परिचारिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १७१ रोग्यांचे चार गट केले. पहिल्या गटाला परिचारिकेचा सल्ला, दुसऱ्याला सल्ला आणि व्यायामाची शिकवण, तिसऱ्याला त्याशिवाय रुग्णालयातील बायोफीडबॅक, आणि चौथ्याला त्यावर आणखी घरी नेण्याचे यंत्र. २००३ साली निकाल प्रसिद्ध झाला. चारही गटांतील साधारण निम्म्या लोकांना गुण आला होता, आणि यंत्र असलेल्यांना यंत्र नसलेल्यांपेक्षा अधिक गुण आला असे दिसले नाही. आलेला गुण वर्षभरानंतरही बहुतांशी टिकून होता. मग गुण कशाने आला? संशोधकांचे म्हणणे असे पडले की, शिकविणारा आणि रोगी यांच्यातील संवाद आणि रोग्याला अडचणीला तोंड देण्याच्या युक्त्या सापडणे, याचे महत्त्व यंत्रापेक्षाही अधिक असावे.

परंतु गोष्ट येथेच संपली नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात स्टीव्ह हेमन, विल्यम व्हाइटहेड आणि इतरांनी वेगळ्या रीतीने प्रयोग केला. १६८ रोग्यांना प्रथम चार आठवडे केवळ माहिती आणि औषधोपचार दिले. तेवढ्यानेच ३५ जणांना, म्हणजे पाचांतील एकाला, पुरेसा आराम पडला. ज्यांना पडला नाही त्यांतील १०८ जणांचे दोन गट केले. एकाला बायोफीडबॅक, दुसऱ्याला यंत्राविना व्यायाम. २००९ साली निकाल आला. तीन महिन्यांनंतर बायोफीडबॅकच्या गटातील ७६ टक्क्यांना आणि नुसत्या व्यायामाच्या गटातील ४१ टक्क्यांना पुरेसा आराम होता.

पुन्हा २०१९ साली ३०० स्त्रियांवरील एका अमेरिकन प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. त्यात बायोफीडबॅक घेतलेल्या आणि नुसती माहितीपुस्तिका घेतलेल्या स्त्रियांत लक्षणीय फरक दिसला नाही. सुधारणा मात्र सगळ्याच गटांत झाली होती.

मग यातून आपण काय घ्यावे? शिक्षकी पेशातील माणसाला यात गोंधळ वाटावयाचे कारण नाही. वर्गातील काही मुलांना एकदा नीट समजावून सांगितले की पुरते. काहींच्या जवळ बसून हात धरून गिरवून घ्यावे लागते. सगळ्यांनाच हात धरून शिकविले तर पहिल्या मुलांना त्याचा विशेष फायदा नाही. पण दुसऱ्यांना तसे शिकविले नाही तर ती मागे राहतात. म्हणून प्रथम साधे उपाय, आणि त्यांनी भागले नाही तर यंत्राची शिकवणी, हा क्रम बरोबर. इंग्लंडमध्ये २००७ साली डॉक्टरांसाठी जी मार्गदर्शिका निघाली तिनेही असाच क्रम सांगितला आहे. आणि ज्यांचा स्नायू पुरता फाटला आहे, ज्यांचा गुदाशय बाहेर येतो, ज्यांचे मज्जातंतू तुटले आहेत, त्यांचा प्रश्न नुसत्या शिकवणीने सुटत नाही. त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया किंवा मज्जातंतूला विजेची सौम्य चालना देणारे उपकरण असे इतर मार्ग आहेत.

यंत्राच्या आधी

साधे उपाय म्हणजे कमी प्रतीचे उपाय नव्हेत. ते आपल्या घरातच करता येतात.

पहिले, वही घाला. दोन आठवडे रोज लिहा: काय खाल्ले, केव्हा शौचास झाले, पातळ की घट्ट, आणि त्रास केव्हा झाला. पुष्कळदा वहीच कारण दाखवून देते. कोणाला दुधाचा चहा, कोणाला कॉफी, कोणाला फार तिखट, कोणाला दारू बाधते.

दुसरे, मल फार पातळ नको आणि फार कठीणही नको. आपल्या आजी-पणजीच्या ओळखीचा इसबगोल येथे उपयोगी पडतो. अमेरिकेत डोना ब्लिस यांनी केलेल्या प्रयोगात, ज्याचा निकाल २०१४ साली आला, इसबगोलाचा चोथा घेणाऱ्यांचे त्रासाचे प्रसंग कमी झाले. तो थोडाथोडा सुरू करावा, भरपूर पाण्याबरोबर घ्यावा, आणि ज्यांना गिळण्यास त्रास होतो किंवा मलाचा खडा अडकलेला आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

तिसरे, वेळ ठरवा. जेवल्यानंतर आतडे आपोआप चालू लागते. म्हणून सकाळच्या न्याहारीनंतर पंधरा-वीस मिनिटांनी शांतपणे बसावे. कुंथू नये.

चौथे, व्यायाम. खुर्चीवर गुडघे थोडे दूर ठेवून बसा. वायू रोखून धरताना जो स्नायू आवळतो तोच आवळा आणि आत वर ओढल्यासारखा करा. पाच मोजेपर्यंत धरा, पुढे सवयीने दहापर्यंत जा. मग तितकाच वेळ सैल सोडा. असे दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी आठ-दहा वेळा करावे. आठ दिवसांत फळ मिळत नाही, तीन महिने तरी लागतात. थेंबे थेंबे तळे साचे.

पाचवे, घाई लागली तर धावू नका. धावण्याने पोटावर दाब वाढतो आणि घाबरण्याने घाई. जागीच उभे राहा किंवा बसा, स्नायू आवळा, श्वास सावकाश चालू ठेवा. ती लाट जाऊ द्या, मग चालत जा.

डॉक्टरांना काय सांगावे?

आपल्या सरकारी दवाखान्यांत आणि रुग्णालयांत तपासणीला पैसे पडत नाहीत. अडते ते तोंड. रांगेतून आत गेल्यावर मिळणाऱ्या थोड्या वेळात हा विषय कसा काढावा हे सुचत नाही. म्हणून घरीच एका कागदावर क्रिओल, फ्रेंच किंवा इंग्रजी, ज्या भाषेत सोपे जाईल त्या भाषेत, चार ओळी लिहून न्याव्यात: हे केव्हापासून होते, आठवड्यातून किती वेळा होते, आधी कळते की नकळत होते, आणि कोणती औषधे चालू आहेत. बायकांनी बाळंतपणात टाके पडले होते का, हेही लिहावे. तोंडाने बोलवत नसेल तर कागद पुढे करावा. डॉक्टर बोटाने तपासणी करतील, त्याला नाही म्हणू नये. अडकलेला खडा आणि स्नायूचा जोर दोन्ही त्यातून कळतात. साध्या उपायांनी पुरेसा गुण आला नाही, तर 'फिजिओथेरपिस्टकडे पाठवाल का, बायोफीडबॅकची सोय होईल का' असे स्पष्ट विचारावे.

काही लक्षणे मात्र थांबण्यासारखी नसतात. शौचावाटे रक्त जाणे, कारणावाचून वजन उतरणे, उतारवयात शौचाची सवय एकाएकी बदलणे, असे असेल तर लवकर तपासून घ्यावे. आणि कंबरदुखीबरोबर पाय लुळे पडले, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा ताबा एकदम सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

शेवटी दोन शब्द घरच्यांसाठी. लहान मुलाने चड्डी ओली केली तर शहाणी आई त्याला मारीत नाही. ती पुन्हा शिकविते, कारण शिकण्याला वेळ लागतो हे तिला ठाऊक असते. तीच आई आज सत्तरीची आहे. तिच्या खोलीत वास आला म्हणून नाक मुरडण्याऐवजी तिच्याजवळ बसून हळू आवाजात एक प्रश्न विचारावा: 'आई, तुला काही त्रास होतो का? आपण दोघी मिळून डॉक्टरांकडे जाऊ.' लंडनच्या त्या १७१ रोग्यांनीही हेच दाखवून दिले की, कोणी वेळ देऊन ऐकले आणि धीराने शिकविले, तर निम्मी माणसे त्यानेच सुधारतात. यंत्र असो वा नसो, हा उपाय आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे.